दर ऑगस्टला १८६: मिठावर गाडीचा वेग एकाच आकड्यावर का अडकतो

तक्रार एका ओळीत सांगतो. बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर गाडी टॉप गिअरमध्ये ताशी १८६ मैलांवर, म्हणजे जवळपास ३०० किलोमीटरवर येते आणि तिथंच खुंटते. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, आवाज स्वच्छ, मिसिंग नाही, पाणी-तेलाचे काटे जागच्या जागी. तरी पुढचे दोन मैल वेग वाढायचं नाव नाही. पहिल्या वर्षी १८६.३. दुसऱ्या वर्षी इंजिनाला नवीन हेड आणि नवीन कॅमशाफ्ट बसवून १८६.०. तिसऱ्या वर्षी मोठा कार्ब्युरेटर लावून १८६.४. चार आकडी डॉलर खर्च झाले आणि हाती आला दशांश चिन्हानंतरचा एक अंक.

गाडी माझी नाही. मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. आता अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत राहतो. तिथून दोन तासांवर वेंडोव्हर गावाजवळ बोनव्हिलचं मिठाचं मैदान आहे. १९४९पासून दर ऑगस्टला तिथं ‘स्पीड वीक’ भरतो: एकेक गाडी सरळ ट्रॅकवर पळवायची आणि तिचा वेग मोजायचा. मीठ ओलं किंवा खराब असेल तर भरत नाही. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं सलग रद्द झाला होता. गाडीचे मालक सत्तरी ओलांडलेले निवृत्त गृहस्थ. गाडी १९५३ची स्टुडबेकर कूपे, शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन, पेट्रोलच्या वर्गात. म्हणजे पेट्रोल आयोजकांकडून घ्यायचं आणि टाकीला त्यांचं सील. मी पाने आणि लॅपटॉप सांभाळतो. सकाळी गाडी ढकलणाऱ्या ट्रकमध्ये बसतो, संध्याकाळी चाकांच्या वरच्या पोकळीत सिमेंटसारखं घट्ट बसलेलं मीठ खरवडतो.

हाच त्रास दुसऱ्या वर्गांतल्या गाड्यांना आणि मोटारसायकलींनाही होताना बघितला, म्हणून सविस्तर लिहितो. आमची चूक कुठं झाली ते आधीच सांगून टाकतो: दुसऱ्या वर्षी आम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्या. इंजिन बदललं आणि त्याच्याबरोबर क्राउन-पिनियनही, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली चाकं फिरवणारी दातेरी जोडी.

पहिल्या वर्षी मागच्या ॲक्सलमध्ये २.७५चा क्राउन-पिनियन होता, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे २.७५ फेरे. नवीन हेडमुळे डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर, कमाल ताकद ५०५ हॉर्सपॉवरवरून ५८० झाली, तेव्हा मालकांनी कागदावर हिशेब मांडला. २८ इंची टायर, टॉप गिअर एकास एक, २.५०चा क्राउन टाकला तर ६,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) बरोबर २०० मैल. गोल आकडा, टोलेजंग वाटतो. वर मनात हा विचार, की इंजिनात आता ताकद आहेच, मग ते कमी फिरवून वाचवू या. मीही मान डोलावली, तेव्हा दोष एकट्याचा नाही.

सूत्र साधं आहे, कुठल्याही गाडीला चालतं. आरपीएम गुणिले टायरचा इंचातला व्यास, भागिले गिअरचं गुणोत्तर, भागिले क्राउनचं गुणोत्तर, भागिले ३३६. उत्तर ताशी मैलांत. आमच्या टायरला २.५०चा क्राउन असताना दर मैलाला ३० आरपीएम पडतात, २.७५ असताना ३३. आकडा लहान तो वेगाचा क्राउन, आकडा मोठा तो ओढीचा. टायरवर छापलेला व्यास मात्र घेऊ नका. टायरला आणि मिठाला खडूची खूण करा, ड्रायव्हर आत बसलेला असताना गाडी बरोबर एक फेरा ढकला, अंतर मोजा आणि ३.१४ने भागा. आमचं अंतर ८८ इंच आलं, म्हणून २८. वेगात टायर थोडा फुगतो तो भाग वेगळा.

या सूत्रात वारा नाही आणि मीठही नाही. चाक किती फिरेल ते हे सांगतं. गाडी तेवढी जाईल का, हा वेगळा प्रश्न आहे.

मला हे कळलं ते खंबाटकीमुळे. पुण्याहून कोल्हापूरला एसटीने येताना खंबाटकी चढायला लागलो, की ड्रायव्हर झटकन एक गिअर खाली टाकायचा. एखादा नवखा टॉपमध्येच रेटत राहिला तर इंजिन घोगरं होत मान टाकायचं आणि बस आणखीच हळू व्हायची. खालच्या गिअरमध्ये कागदावरचा कमाल वेग कमी, पण प्रत्यक्षात बस जास्त वेगानं चढायची. मिठाचं मैदान पाटासारखं सपाट आहे हे खरं, पण १८० मैलांच्या पुढं समोरचा वारा हाच घाट असतो. आणि तो घाट दर मैलाला अधिक उभा होत जातो: वाऱ्याला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १८६वरून २००वर जायला वेग साडेसात टक्के वाढवायचा, पण ताकद लागते २४ टक्के जास्त. या भिंतीपुढे मोठमोठे थकलेत. समर्स बंधूंच्या ‘गोल्डनरॉड’ या गाडीने चार क्रायस्लर हेमी इंजिनं लावून १९६५ साली इथंच ४०९.२७७ मैलांचा विक्रम केला. अल टीग यांनी १९९१ साली एकाच सुपरचार्ज्ड (दाबानं हवा आत ढकलणाऱ्या) इंजिनावर ४०९.९८६ केले. मधे २६ वर्षं गेली, फरक पाऊण मैलाचाही नाही.

आता आमचं उदाहरण उलगडतं. २.५०च्या क्राउनवर गाडी १८६ला अडकायची तेव्हा इंजिन ६,००० आरपीएमला असायचं (सूत्रानं तिथं २०० यायला हवेत; मधले मैल कुठं गेले ते पुढं येईल). नवीन हेडची सगळी मजा ६,५००च्या वर. ५८० हॉर्सपॉवर ६,९००ला. ६,०००ला डायनोच्या आलेखात आकडा किती? ५०५! म्हणजे जुन्या इंजिनाची जी कमाल ताकद होती, तेवढीच. जुनं इंजिन २.७५वर ६,६०० फिरवून आम्ही १८६ काढत होतो आणि नवं इंजिन २.५०वर ६,००० फिरवून तेवढेच. वाढलेले ७५ हॉर्सपॉवर आम्ही पैसे मोजून घेतले आणि क्राउन बदलून तिजोरीत ठेवून दिले. किल्लीही आतच.

हे ध्यानात यायला चौथं वर्ष उजाडावं लागलं, कारण तोवर आम्ही पेन्सिलीवर होतो. ड्रायव्हर परतल्यावर सांगायचा, “साधारण सहा हजार होतं.” मी लिहून घ्यायचो. डेटा लॉगर, म्हणजे धावेतले आकडे सतत टिपणारं यंत्र, चौथ्या वर्षी आला. तुमच्याकडे पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर हेडआधी लॉगर घ्या. किमान चार गोष्टी नोंदवा: इंजिनाचा आरपीएम, प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्स ते मागचा ॲक्सल) आरपीएम, जीपीएसचा वेग आणि एक्झॉस्टमधला लॅम्बडा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा आकडा (१च्या खाली पेट्रोल जास्त, वर हवा जास्त). जमलं तर पाचवी, पेट्रोलचा दाब.

लॉगर नसला तरी वेळेची चिठ्ठी असतेच. धाव झाल्यावर टायमिंगच्या ट्रेलरमधून मिळणाऱ्या त्या चिटोऱ्यावर लोक फक्त सर्वांत मोठा आकडा बघतात आणि खिशात घालतात. लांब ट्रॅकवर प्रत्येक मोजलेल्या मैलाची सरासरी वेगळी छापलेली असते, ती ओळीनं वाचा. आमची तिसऱ्या वर्षीची चिठ्ठी: दुसरा ते तिसरा मैल १७९.८, तिसरा ते चौथा १८६.१, चौथा ते पाचवा १८६.४. शेवटच्या दोन मैलांत आकडा सपाट, म्हणजे ढकलणारा जोर आणि अडवणारा जोर समसमान झालेत. आणखी दहा मैल मोकळं मीठ दिलं तरी गाडी तिथंच राहणार. याउलट शेवटच्या मैलातही आकडा चांगला तीन-चार मैलांनी चढत असेल, तर तुमचा त्रास वेगळा. तुम्हाला जागा कमी पडते आहे. तेव्हा खालचे गिअर, गिअर बदलायची वेळ आणि सुरुवातीची ओढ बघा. क्राउनला हात लावू नका.

सपाट आकडा आला, तर मग लॉगरकडे या. आरपीएमही सपाट आणि कमाल ताकदीच्या आरपीएमपेक्षा बराच खाली, वेगही सपाट: क्राउन फार वेगाचा झाला आहे. आमची केस. आरपीएम कमाल ताकदीच्या पलीकडे जाऊन सपाट: क्राउन फार ओढीचा आहे, हे क्वचित दिसतं कारण वेगवेडी माणसं त्या दिशेनं चुकत नाहीत. आरपीएम चढतो आहे पण जीपीएसचा वेग जागचा हलत नाही: काहीतरी घसरतंय. इथं प्रॉपेलर शाफ्टचा सेन्सर कामाला येतो. शाफ्ट इंजिनाबरोबर चढत असेल तर चाक मिठावर घसरतंय. शाफ्ट मागं राहत असेल तर क्लच जळतोय. वासाची वाट बघत बसू नका, हेल्मेटच्या आत वास उशिरा येतो. आणि आरपीएम मधेच डळमळून खाली येत असेल तर क्राउन, मीठ, वारा सगळं विसरून पेट्रोल आणि इग्निशनकडे वळा.

आम्ही चौथ्या ऑगस्टला २.७५चा क्राउन परत टाकला. तळपत्या उन्हात, ताडपत्रीवर, डिफरन्शियलचा अख्खा गोळा उतरवून दुसरा चढवायला आम्हाला अडीच तास लागले. शेजारच्या तंबूतल्या मंडळींकडे क्विक-चेंज ॲक्सल होता. त्यात मागचं झाकण काढून दोन दातेरी चाकांची जोडी बदलली की गुणोत्तर बदलतं. चहा संपेपर्यंत त्यांचं काम उरकायचं. तो जड असतो, थोडी ताकदही खातो. तरी ज्यांना एका आठवड्यात तीन गुणोत्तरं आजमावायची आहेत त्यांनी तोच घ्यावा, असं माझं मत आहे. मालकांचं नाही.

पहिल्याच धावेत चौथा मैल १९३.२. सात मैल एका फटक्यात, तेही ‘हळू’ क्राउन टाकून. मालक चिठ्ठी धरून उभे होते, बोलले काहीच नाहीत. पण पाचव्या मैलात ड्रायव्हरनं पाय काढला होता. का, तर इंजिनाचा आवाज “कोरडा” वाटला म्हणाला.

इथून दुसरा त्रास सुरू झाला. तो पहिल्याच्या मागं लपलेला होता.

ड्रायव्हरनं शिकवल्याप्रमाणे केलं होतं: पूर्ण थ्रॉटलवरच इग्निशन बंद, लगेच क्लच, आणि गाडी तशीच घरंगळू दिली. असं केलं तरच प्लग धावेतली खरी हकीकत सांगतो. आयडलवर दोन मैल रांगत आलात तर प्लगवर त्या दोन मैलांचीच काजळी बसते. गाडी ट्रॅकच्या बाजूला थांबलेली, बॉनेट अजून भट्टीसारखं. सात नंबरचा प्लग काढला, भिंगाखाली धरला. पांढऱ्या चिनी मातीवर मोहरीच्या दाण्याच्या दहाव्या हिश्शाएवढे राखाडी, चमकणारे ठिपके. पाच-सहाच होते. ते मीठ नव्हतं. पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. मिश्रण लीन झालं (पातळ, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी), नॉकिंग (सिलिंडरमध्ये अवेळी भडका) सुरू झालं आणि पिस्टनचा माथा झिजायला लागला. आणखी वीस सेकंद पाय तसाच राहिला असता तर भोक.

लॉगर बघितला. १५० मैलांना लॅम्बडा ०.८६, छान. १७५ला ०.८९. १९०ला ०.९५. वेग वाढेल तसं मिश्रण पातळ होत गेलेलं. डायनोवर मात्र याच कार्ब्युरेटरची रेघ ०.८६वर पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती.

आधी पेट्रोलच्या दाबावर संशय गेला, आणि तो घ्यायलाच हवा. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे आखूड सरळ शर्यतीत, गाडी पूर्ण थ्रॉटलवर दहा सेकंद असते, डायनोवरही साधारण तेवढंच. मिठावर दीड-दोन मिनिटं. आमचं इंजिन तेवढ्या वेळात जवळपास चार लिटर पेट्रोल पितं. पंप लहान, फिल्टर अर्धवट तुंबलेला किंवा टाकीच्या झाकणाची हवा यायची वाट बंद, यातलं काहीही असलं तर पहिली तीस सेकंदं फ्लोट बोलमधल्या (कार्ब्युरेटरची पेट्रोलची वाटी) साठ्यावर निभावतात आणि तिसऱ्या मैलात दाब कोसळतो. ओळखायचं कसं? मिश्रण अचानक पातळ होतं, कडा कोसळावा तसं. आमची रेघ हळूहळू वर चढत होती, आणि दाब सगळ्या धावेत सहा पीएसआयच्या आसपास स्थिर. म्हणजे पंप निर्दोष.

कारण सापडलं ते मालकांच्या नातीला. ती त्या दिवशी पाने पुसायला बसली होती. कार्ब्युरेटरच्या भोवती आम्ही ॲल्युमिनियमचा बंद डबा केला आहे. बॉनेटवरच्या स्कूपमधून (हवा आत घेणारं तोंड) येणारी गार हवा थेट त्यात जाते. वेगात त्या डब्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा वाढतो आणि फुकटात चार घोडे मिळतात. २०० मैलांना कागदावर हा दाब साडेतीन ते चार किलोपास्कल होतो. आमच्या स्कूपला त्यातलं निम्मंही मिळत नसेल, पण काही तरी मिळत होतंच. फ्लोट बोलला हवेसाठी दोन नळ्या असतात. मिठाची धूळ आत जाऊ नये म्हणून कोणीतरी (नाव घेत नाही, पण ते नाव माझंच आहे) त्या नळ्यांना रबरी पाइप जोडून टोकं डब्याच्या बाहेर काढली होती. “हे पाइप खोक्याच्या बाहेर का आहेत?” एवढंच तिनं विचारलं.

कार्ब्युरेटर पेट्रोल ओढतो तो दोन दाबांमधल्या फरकावर. बोलमधल्या पेट्रोलवर डोक्यावरून दाबणारी हवा आणि व्हेंचुरीतली (कार्ब्युरेटरचा अरुंद गळा) विरळ हवा, यांच्यातला हा फरक. वेगात व्हेंचुरीच्या बाजूला स्कूपचा दाब वाढत होता, बोलला मात्र बाहेरचाच दाब मिळत होता. फरक कमी झाला, पेट्रोल कमी आलं. वेग जितका जास्त, तितकं मिश्रण पातळ. डायनोवर वारा नसतो, तिथं डब्यातला आणि बाहेरचा दाब एकच, म्हणून सगळं चोख दिसलं. २.५०च्या क्राउनवर इंजिन धापा टाकत ६,०००वर चालायचं तेव्हाही हे होतच होतं; पण भार आणि वेग दोन्ही बेताचे, त्यामुळे नॉकिंगपर्यंत पोचलं नव्हतं.

पाइप काढले, नळ्यांची तोंडं डब्यात आणली, दोन्ही बाजूंना मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) दोन नंबरांनी वाढवले, ठिणगीचं टायमिंग ३४ अंशांवरून ३३ केलं. एक प्लग वगळता सगळे स्वच्छ होते, तरी आठही नवे टाकले. हवा विरळ असली की ज्वाला सावकाश पसरते, दोन अंश टायमिंग वाढवता येतं असं पुस्तकी गणित सांगतं. ते बरोबरही आहे. पण दीड मिनिट पूर्ण थ्रॉटलची उष्णता त्या गणितात नसते. ठिपके दिसलेल्या इंजिनाला मी अंश वाढवून देणार नाही. लॅम्बडाही ‘सर्वांत जास्त ताकदीच्या’ टोकावर नेऊन ठेवू नका. ०.८६-०.८७ला चार घोडे कमी मिळतील, पण पिस्टन घरी परत येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी १९४.५. हिशेबही तेच सांगत होता: ५८० आणि ५०५ यांचं गुणोत्तर १.१५, त्याचं घनमूळ १.०४७, १८६ गुणिले तेवढं म्हणजे १९४.७. इतकं जवळ गणित आयुष्यात फार कमी वेळा बसतं.

आता उंचीबद्दल, कारण मिठावरची निम्मी मंडळी वेग अडकला की उंचीवर खापर फोडतात. आम्हीही फोडलं होतं आणि त्यापायीच तिसऱ्या वर्षी मोठा कार्ब्युरेटर आणला. मैदान समुद्रसपाटीपासून ४,२०० फुटांवर. ऑगस्टच्या दुपारी ३५ अंश तापमानाला हवेची घनता समुद्रसपाटीच्या ८० टक्के उरते, म्हणजे इंजिनाला जणू ७,४०० फुटांवर असल्यासारखं वाटतं. पहाटे १८ अंशांना हाच आकडा साडेपाच हजार. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्या प्रमाणात घटते यात शंका नाही. पण जी हवा इंजिनाला कमी मिळते तीच गाडीला कमी अडवते! घनतेचा टक्का दोन्ही बाजूंना सारखाच कापला जातो. राहतो तो टायरचा आणि मिठाचा रोध, गिअरबॉक्समधलं घर्षण. त्यांना घनतेशी देणंघेणं नाही, म्हणून पहाटे एखादा मैल जास्त मिळतो. आठ-दहा मैलांचा घोटाळा उंचीनं होत नाही. टर्बो किंवा सुपरचार्जर असेल तर दाब वाढवून ताकद भरून काढता येते आणि विरळ हवेचा फायदा तेवढा खिशात राहतो, ती गोष्ट निराळी.

उंचीचा खरा उपद्रव मिश्रणात होतो. समुद्रसपाटीला लावलेले जेट इथं रिच होतात, म्हणजे पेट्रोल जास्त देतात. होली कंपनीच्या कार्ब्युरेटरला दर २,००० फुटांना जेटचा एक नंबर कमी, असा ढोबळ हिशेब सगळे वापरतात; आम्हीही तिथून सुरुवात करतो आणि लॅम्बडा बघून ठरवतो. हातातल्या हवामान यंत्रावरचा घनतेचा आकडा प्रत्येक धावेच्या आधी वहीत लिहा. मैदानाची उंची बदलत नाही, घनता दर तासाला बदलते.

१९४.५ला लॉगर दाखवत होता ६,९००. सूत्रानं ६,९०० भागिले ३३ म्हणजे २०९. गाडी १९४.५. हे मधले साडेचौदा मैल कुठं गेले? मिठात. सात टक्के घसरण. ओलसर मीठ डांबरासारखं धरत नाही. ताज्या ट्रॅकवर सकाळी थोडी पकड असते, दुपारपर्यंत शंभर गाड्यांनी तोच पट्टा उकरून त्याचा भुगा केलेला असतो. आणि सात टक्के घसरण म्हणजे सात टक्के ताकद थेट पाण्यात, किंवा मिठात म्हणा. म्हणून क्राउन निवडताना आधी घसरण मोजा, मग कमाल ताकदीचा आरपीएम आणि अपेक्षित वेग यांची सांगड घाला. कागदावर घसरण शून्य धरणारे सगळे आमच्यासारखे ‘२०० बरोबर ६,०००’ लिहितात.

घसरणीवर उतारा रस्त्यावरच्या गाडीच्या बरोबर उलटा: वजन वाढवा. पाच मैल जागा असल्यावर जड गाडीनं फारसं काही बिघडत नाही, उलट चाक दबून राहतं. आम्ही मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे ७० किलो शिसं बोल्टनी पक्कं बसवलं आणि डिकीवरची स्पॉयलरची पट्टी थोडी उभी केली. शिसं सैल ठेवाल तर तपासणीचे अधिकारी गाडी मिठावर सोडणारच नाहीत, आणि सोडूही नये. घसरण साडेचार टक्क्यांवर आली. वेग १९६.१, आरपीएम ६,७८०च्या आसपास.

तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमधल्या दरीबद्दल थोडक्यात. आमचा तिसरा गिअर १.३४चा, ७,२००ला बदलला की इंजिन एकदम ५,४००च्या खाली येतं आणि १५५ मैलांच्या वाऱ्यात पुन्हा वर चढायला अर्धा मैल खातं. १.१६चा तिसरा गिअर टाकला तर ते ६,२००लाच थांबेल. लांब ट्रॅकवर यानं कमाल वेग बदलणार नाही, कारण शेवटचे मैल तसेही सपाट आहेत. पण मीठ ओलं असलं की ट्रॅक आखूड होतो, आणि तेव्हा तो अर्धा मैल सोन्याचा. पहिला गिअर किती जड आहे याची काळजी इथं कोणी करत नाही. ‘जेसीबी डिझेलमॅक्स’ या डिझेल गाडीनं २००६ साली इथं ३५०.०९२ मैल काढले, तेव्हा तिला सुरुवातीला त्यांच्याच ट्रॅक्टरनं मागून ढकलावं लागायचं. आमचा जुना पिकअप तेच काम ५० मैलांपर्यंत करतो.

२००साठी अजून सहा टक्के ताकद हवी, किंवा गाडीच्या नाकाखालून जाणारी हवा अडवायला हवी. मालक म्हणतात नाक खाली करू. मी म्हणतो आधी स्कूपच्या तोंडाशी दाबाचा सेन्सर लावू. यंदा दोन्हीपैकी एकच होणार आहे, एवढं मात्र वहीच्या पहिल्या पानावर दोघांनी सही करून लिहिलंय. २.५०चा क्राउन-पिनियन तेल लावून विकायला काढलाय. कोणाच्या इंजिनाची कमाल ताकद ५,८००-६,०००लाच असेल तर त्याला तो अगदी फिट बसेल.